सेल निघत नाहीये, पांढरं काहीतरी आलंय, लवकर सांगा

घाईतला: सेल अडकलाय, कडेने पांढरी भुकटी आलीय, स्क्रूड्रायव्हर घालून काढू का? आणि जुने सेल डबाभर साठलेत ते कचऱ्यात टाकले तर चालतात का? संध्याकाळी मशीन लागणारे, प्लीज लवकर.

मृण्मयी_क: कसलं मशीन? सेल कुठला?

आप्पा७: इन्व्हर्टरच्या बॅटरीला असंच पांढरं धरतं. टर्मिनल साफ करून व्हॅसलिन लावा, आणि डिस्टिल्ड वॉटरची लेव्हल बघा आधी.

घाईतला: अहो आप्पा इन्व्हर्टर नाही, आईचं बीपीचं मशीन! चार पेन्सिल सेल. मागे एकच नवीन घातला होता, बाकीचे बरे वाटले म्हणून ठेवले.

तारतम्य: तिथेच घोळ झाला. नवे-जुने एकत्र घातले की अशक्त सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्यातून जबरदस्तीने करंट काढत राहतात, मग आत गॅस धरतो आणि सेल गळतो. बदलायचे तर चारही एकदम, एकाच प्रकारचे.

प्रयोगवही: सेलवर अल्कलाइन लिहिलंय का? स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, कवच फाटेल. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर फारच वाईट. हातमोजे, चष्मा घाल, लाकडी काडीने हळूच उचल, मग इअरबडवर लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर घेऊन पुस.

निशाचर: लिंबू कशाला, खायचा सोडा लाव, आम्ही कायम तेच करतो.

प्रयोगवही: सोडा साध्या झिंक-कार्बन सेलला, त्याची गळती आम्लधर्मी असते. अल्कलाइनवर अजून अल्कली घालून काय होणार?

निशाचर: माझा रिमोट झाला की साफ.

मृण्मयी_क: भांडण नंतर. डब्यात काय काय आहे? चौकोनी ९ व्होल्टची असेल तर तिची दोन्ही टोकं शेजारी असतात, किल्ली जरी टेकली तरी शॉर्ट होऊन तापते, आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लाव. रिचार्जेबल आणि लिथियम कचऱ्यात कधीच नाही, ई-कचऱ्यात दे. साध्या सेलचे नियम जागेप्रमाणे बदलतात, तुमच्याकडे विचारून घे. जाळायचं तर कुठलंच नाही.

घाईतला: सगळंच आहे. वजनकाट्याचे चपटे गोल पण.

सुमनताई: बाळा, घरात लहान मूल आहे का? असलं तर तो डबा आत्ता उचलून वर ठेव, बाकी मग वाच. तो चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर २ तासांत आतून भाजतं, मशीनला संपलेला असला तरी. उलटी करवायची नाही, थेट हॉस्पिटल.

घाईतला: पुतणी दीड वर्षाची आहे. ठेवला माळ्यावर.

घाईतला: अल्कलाइनच होते. लिंबू लावलं तर बारीक फेस आला, पुसून नीट वाळवलं, स्प्रिंग अजून काळीच आहे पण चार नवे घातल्यावर मशीन लागलं. आईचं बीपी मोजून झालं. चपट्यांना टेप एका बाजूने पुरे का?

मृण्मयी_क: नाही, दोन्ही बाजू झाकून पूर्ण गुंडाळ. एकेक वेगळा.