मदत हवी आहे: शाळांच्या गरजा जाणून घेण्यासाठी स्वयंसेवक विद्यार्थ्यांना पाठवताना काय काळजी घ्यावी?

आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी येत्या सत्रात साधनांची चणचण असलेल्या माध्यमिक शाळांना भेटी देणार आहेत आणि त्या भेटींचे नियोजन माझ्याकडे आहे. शाळेला आणि तिच्या भोवतालच्या वस्तीला नेमके काय हवे आहे हे समजून घ्यावे आणि त्यावरून पुढील वर्षाचे काम ठरवावे, एवढाच या भेटींचा उद्देश आहे. आधी ठरवलेला उपक्रम कोणत्याही शाळेवर लादायचा नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनीच आग्रहाने मांडले, याचे मला फार समाधान आहे. मात्र प्रश्नावली तयार करू लागल्यावर काही पेच समोर आले. त्यांबाबत असे काम प्रत्यक्ष केलेल्यांचा सल्ला हवा आहे.

इमारत आणि सुविधांचा भाग फारसा अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणी कार्यक्रमात शाळांसाठी वापरले जाणारे निकष आम्ही आधाराला घेतले आहेत. त्यांत पाण्याची सोय आहे का एवढेच विचारून थांबत नाहीत, तर पाहणीच्या वेळी पाणी खरोखर उपलब्ध होते का हे नोंदवतात. स्वच्छतागृहे मुलामुलींसाठी वेगळी आहेत का आणि ती वापरण्याजोगी आहेत का, म्हणजे ती कुलूपबंद तर नाहीत ना, दाराला आतून कडी लागते का, हे पाहतात. हात धुण्याच्या जागी पाणी आणि साबण दोन्ही असावे लागते. वीज, प्रयोगशाळा, ग्रंथालय, विषयशिक्षकांच्या रिकाम्या जागा यांची नोंदही अशीच डोळ्यांनी पाहून आणि विचारून करता येईल.

खरा प्रश्न त्यापुढे आहे. समाजधोरणाचे अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजांचे चार प्रकार मांडले होते: तज्ज्ञांनी मानकावरून ठरवलेली गरज, माणसाला स्वतःला जाणवणारी गरज, मागणीच्या रूपाने पुढे आलेली गरज आणि इतरांशी तुलना केल्यावर दिसणारी गरज. आमची प्रश्नावली यांपैकी पहिला आणि चौथा प्रकार बऱ्यापैकी टिपते. मागणीही मुख्याध्यापकांकडून कळेल. परंतु नववी-दहावीतल्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना जे जाणवते, ते एका दिवसासाठी आलेल्या अनोळखी पाहुण्यांना कोण आणि का सांगेल? शिक्षक शेजारी उभे असताना विद्यार्थी शाळेचे चांगलेच सांगणार, आणि बाहेरून मदत येणार असा समज झाल्यास पालक जे मिळण्यासारखे वाटेल तेच मागणार, असे मला वाटते, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नाही.

दुसरी चिंता आशेची आहे. वही-पेन घेऊन माणसे आली, तासभर प्रश्न विचारून गेली आणि पुढे काहीच झाले नाही, तर तो त्या शाळेवर अन्याय ठरतो. आमच्याकडे मनुष्यबळ आहे, पैसा जवळजवळ नाही. हे शाळेला कधी आणि कोणत्या शब्दांत सांगावे, म्हणजे त्यांना आमच्याशी बोलणे व्यर्थ वाटणार नाही?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले आहे आणि अशा भेटी शाळेच्या बाजूने अनुभवल्या आहेत. माझा पहिला सल्ला असा की मुलांना ‘तुम्हाला कशाची गरज आहे?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केले हे विचारावे. शाळेत पोहोचायला लागणारा वेळ, घरची कामे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, अभ्यासाला मिळालेली जागा आणि उजेड, हे सगळे त्या एका दिवसाच्या वर्णनात आपोआप येते. त्यानंतर शाळेच्या परिसराचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्यावा आणि जिथे जायला आवडते व जिथे जाणे टाळले जाते अशा जागांवर खुणा करायला सांगावे. अडचणींचा क्रम लावण्यासाठी प्रत्येकाला थोडे खडे देऊन ते चित्रांवर ठेवायला सांगण्याची लोकसहभागी पाहणीतली जुनी रीत आहे. कमी बोलणाऱ्या मुलांचे मतही त्यात मोजले जाते. मुलींशी मुलींनीच, स्वतंत्र बसून बोलावे. मासिक पाळीच्या दिवसांत शाळेत यायला काय अडते, हे मिश्र गटात कधीच कळणार नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांनी शाळा सोडली आहे, ती मुले तुम्हाला शाळेत भेटणार नाहीत, आणि माध्यमिक टप्प्यावर सर्वांत मोठी गरज बहुधा त्यांचीच असते. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की बाहेरून येणारे पाहुणे डांबरी रस्त्यालगतच्या, चालत्या प्रकल्पांच्या जागी आणि सोयीच्या ऋतूत जातात आणि पुढे येऊन बोलणाऱ्यांनाच भेटतात. शाळाभेटीलाही हे तंतोतंत लागू आहे. म्हणून वेळेचा निदान एक भाग वस्तीत घालवावा, आणि एखादी भेट पावसाळ्यात ठेवावी.

प्रतिसाद २

आशेविषयी लिहितो. तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही हे भेटीच्या दिवशी सांगू नका. त्याआधी, परवानगी मागणाऱ्या पत्रातच स्पष्ट लिहा. ‘आम्ही इमारत, साहित्य किंवा निधी देऊ शकत नाही, आठवड्यातून ठरावीक तास शिकवण्यासाठी, वाचनासाठी किंवा अर्ज-कागदपत्रांच्या कामासाठी विद्यार्थी देऊ शकतो’ असे एक वाक्य पुष्कळ गैरसमज टाळते. जे समजले त्याचा एक पानाचा गोषवारा सोप्या भाषेत लिहून, कुठेही पाठवण्यापूर्वी शाळेला आणि पालकांना वाचून दाखवा व चुका दुरुस्त करून घ्या. तो कागद शाळेच्या मालकीचा राहिला पाहिजे, कारण अधिकाऱ्यांकडे मागणी करताना तोच त्यांच्या उपयोगी पडतो.

गरजांबरोबर शाळेकडे काय आहे हेही नोंदवा. एखादी निवृत्त शिक्षिका, सुतारकाम जाणणारा पालक, सायंकाळी रिकामा असणारा वर्ग यांची नोंद नसेल, तर अहवाल वाचणाऱ्याला ती शाळा केवळ अभावांचा ढीग वाटते.

मुलांच्या सुरक्षेबाबत सवलत नको. पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही हवीत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील १२ वे कलम मुलाला मत मांडण्याचा हक्क देते; मत मांडायचे की नाही, हे ठरवणेही मुलाच्याच हाती असले पाहिजे. एकट्या स्वयंसेवकाने एकट्या मुलाशी बंद खोलीत बोलू नये, चेहरे दिसतील अशी छायाचित्रे काढू नयेत. एखाद्या मुलाने मारहाणीविषयी किंवा छळाविषयी सांगितले तर ते कोणाला कळवायचे हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे, आणि ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन स्वयंसेवकाने देऊ नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दिनक्रम विचारण्याची सूचना प्रश्नावलीच्या सुरुवातीलाच घेत आहोत आणि परवानगीच्या पत्राचा मसुदा नव्याने लिहीत आहोत. एक शंका उरते. शाळा सोडलेल्या मुलांपर्यंत पोहोचायचे तर शाळेकडून त्यांची नावे मागावी लागतील, आणि ती माहिती बाहेरच्यांना देणे मला योग्य वाटत नाही. शाळेनेच आधी त्या घरी विचारून, होकार आला तरच आमची गाठ घालून द्यावी, असा मार्ग मी योजला आहे. परंतु शाळा आणि घर यांच्यातले संबंध तुटलेले असतील तर तो चालेल का? अशा वेळी कोणी वस्तीतील आरोग्यसेविका किंवा महिला गटाच्या मध्यस्थीने काम केले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. संमतिपत्राचा एखादा सोप्या भाषेतील नमुना कोणाकडे असल्यास तोही येथे द्यावा, ही विनंती.