काळी चौकट गोळी बदलते, धोका तिथेच राहतो?

खलबत्ता
एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम-भासांवरच्या औषधांच्या लेबलवर काळी चौकट, म्हणजे सर्वांत कडक इशारा टाकला: डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) वृद्ध रुग्णांत मृत्यूचं प्रमाण वाढतं. २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधंही त्याच चौकटीत गेली. डिमेन्शियातल्या आक्रमकपणासाठी यातलं एकही औषध तेव्हा तिथे मंजूर नव्हतं, म्हणजे सगळा वापर ऑफ-लेबल, मंजुरीबाहेरचा. इशाऱ्यानंतर तो घटला. पण रात्री तीन वाजता दार बडवणारा, कपडे बदलायला आलेल्या नर्सचा हात पिरगळणारा रुग्ण होता तिथेच राहिला. मग फिट्सवरची व्हॅल्प्रोएट, गाबापेन्टिन आणि गुंगी आणणारं लोराझेपाम सुरू झालं. तेही ऑफ-लेबलच! व्हॅल्प्रोएटचा या कामी उपयोग होत नाही हे चाचण्यांत दिसलं आहे, वर गुंगी येते, प्लेटलेट घसरतात. लोराझेपामने तोल जातो आणि खुबा मोडतो. या दोघांच्या लेबलवर चौकटी आहेत, पण वेगळ्याच कारणांसाठी. एका औषधावर बोट ठेवायचं आणि त्याच्या जागी काय येणार हे पाहायचंच नाही, असला इशारा मला अर्धवट वाटतो.

मात्राभेद
पर्याय वाईट निघाले म्हणून इशारा खोटा ठरत नाही. १७ चाचण्या होत्या. साधारण १० आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत ४.५ टक्के मृत्यू, डमी गोळी घेणाऱ्यांत २.६. म्हणजे ५०-५५ रुग्णांमागे एक जास्तीचा मृत्यू, बहुतेक हृदयविकार किंवा न्यूमोनियाने. हे दडवून ठेवायचं का?

आणि चौकटीने जे करायला लावलं ते आधीच व्हायला हवं होतं. गोळी लिहिण्यापूर्वी पोट तपासा: लघवी तुंबली आहे का, शौचाला किती दिवस झाले? गुडघा दुखतोय हे ज्याला सांगता येत नाही तो हात उगारतो. श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली असते. झोपेसाठी दिलेली अ‍ॅलर्जीची गोळी गोंधळ वाढवत असते. एवढं निस्तरूनही इजा होण्याइतका आक्रमकपणा उरला, तर रिस्पेरिडोन (नव्या पिढीचं अँटिसायकोटिक) ०.२५ मिग्रॅपासून. पुरेशा मात्रेवर चार आठवड्यांत फरक नाही, तर उतरवत बंद. फरक पडला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून पाहायचं. सगळ्यात जास्त फसतं ते इथे: बंद करण्याची तारीख कागदावर नसते, आणि गोळी वर्षानुवर्षं चालू राहते.

खलबत्ता
चौकटीमुळे तारीख लिहिली जाते, हा भाबडेपणा आहे. २००४ मध्ये मुलांतल्या अँटिडिप्रेसंटवर (नैराश्यावरच्या औषधांवर) चौकट आली. आत्महत्येचे विचार वा तसं वर्तन औषधावर ४ टक्के, डमीवर २. चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही नाही. पहिले चार आठवडे दर आठवड्याला मूल तपासा, असंही सांगितलं होतं. झालं काय? प्रिस्क्रिप्शनं घटली, तपासणीच्या भेटी वाढल्या नाहीत. लोकांनी चौकटीतला 'टाळा' तेवढा वाचला, 'लक्ष ठेवा' कोणी वाचलंच नाही. उपचार न झालेलं नैराश्य हाही धोकाच आहे, हे लेबलवर यायला २००७ उजाडलं.

भूलशास्त्र
ड्रॉपेरिडॉल विसरू नका. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठी ०.६२५ ते १.२५ मिग्रॅ शिरेतून. २००१ च्या शेवटी क्यूटी लांबण्याबद्दल (ईसीजीतलं हे अंतर वाढलं की हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते) चौकट आली: आधी बारा लीडचा ईसीजी, नंतर दोन-तीन तास मॉनिटर. उलटीच्या एका इंजेक्शनसाठी हे कोण करणार? औषध कपाटातून गेलं. गंभीर घटनांतल्या बऱ्याच मात्रा याच्या कित्येक पट होत्या, पण चौकट मात्रा पाहत नाही. जागा घेतली ओन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्याच औषधाने. तेही क्यूटी लांबवतं. २०१२ मध्ये त्याचा ३२ मिग्रॅचा एकल शिरेतला डोस मागे घ्यावा लागला.

मात्राभेद
ड्रॉपेरिडॉलचं मान्य, तिथे चौकट मात्रेला बांधायला हवी होती. पण डिमेन्शियाला तो दाखला लावू नका, तिथे जोखीम नेहमीच्या मात्रेतच दिसली. आणि ऑफ-लेबल म्हणजे निराधार, हेही नाही. रिस्पेरिडोन ब्रिटनमध्ये अल्झायमरच्या आक्रमकपणासाठी सहा आठवड्यांपर्यंत मंजूर आहे, अमेरिकेत नाही. रेणू तोच. २०२३ मध्ये एफडीएने याच त्रासासाठी ब्रेक्सपिप्राझोल हे अँटिसायकोटिक मंजूर केलं, तीच काळी चौकट कायम ठेवून!

खलबत्ता
म्हणजे आता चौकटीसकट ऑन-लेबल. छान. अमेरिकेतल्या नर्सिंग होमचा अँटिसायकोटिक वापर मोजतात, त्यात स्किझोफ्रेनियाचे रुग्ण धरत नाहीत, कारण त्यांना ही औषधं लागतातच. मग कागदोपत्री स्किझोफ्रेनिया वाढला. ८० व्या वर्षी, आधीचा काहीही इतिहास नसताना! २०२३ मध्ये या निदानांचं ऑडिट सुरू करावं लागलं.

मात्राभेद
तो दोष मोजमापाचा. चौकटीने कोणाला खोटं निदान लिहायला सांगितलं नव्हतं.