मदत हवी आहे : फायबरची वायर घरापर्यंत जमिनीखालून आणावी का?

नमस्कार मंडळी. आमचं घर चिपळूणजवळच्या एका वाडीत आहे. गेल्या महिन्यात इंटरनेटसाठी फायबरचं (काचेच्या बारीक तंतूच्या वायरचं) कनेक्शन घेतलं. रस्त्यावरच्या खांबापासून घरापर्यंत जवळजवळ 300 मीटर वायर, तीही आंबा-फणसाच्या फांद्यांवरून ओढलेली. आठ दिवस झकास चाललं. मग वानरांची टोळी आली, वायरला लोंबकळली आणि राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागला.

कंपनीचा मुलगा दोनदा येऊन जोड मारून गेला. पोरगा कष्टाळू, भर उन्हात शिडीवर चढून काम केलं त्याने. पण त्याच्या मीटरवर आता उणे 28 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) दिसतंय. सिग्नल साधारण उणे 25 च्या आत हवा, म्हणजे आमचा कमजोर आहे, असं तोच म्हणाला. त्यात घराच्या भिंती जांभ्याच्या, दीड फुटी. 5 गिगाहर्ट्‌झचं वायफाय माजघरात पोचतच नाही आणि मुलीचा अभ्यास तिथेच चालतो. तिची परीक्षा तोंडावर आहे, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

कोणी एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप पुरून त्यातून फायबर आणली आहे का? चर किती खोल खणला? पावसात पाइपात पाणी शिरलं तर वायर टिकते का? आणि पूर्ण नवीन, बिनजोडाची वायर टाकून द्या असा आग्रह कंपनीकडे धरावा का? आमच्याकडे खाली कातळ आहे, त्यामुळे खणायचं तर पावसाआधीच उरकावं लागेल. अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.