घरी सोडवायच्या पेपरलाही जादा वेळ लागतोच

"पेपर घरी बसून सोडवायचा, हाताशी चोवीस तास, मग दिव्यांग मुलांना आणखी वेळ कशाला?" हे कुणीतरी विचारलंय म्हणून लिहितोय. माझी भाची अंध आहे, लॉ करते. गेल्या वर्षी असाच पेपर ती सोडवत होती तेव्हा मी शेजारी बसलो होतो. प्रश्नपत्रिका स्कॅन करून पाठवलेली. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर सॉफ्टवेअरच्या लेखी ते नुसतं चित्र, एक अक्षर वाचेना. ओसीआर केलं, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने मजकुरात बदलून घेतली, तर कलमांचे आकडेच बदललेले. मी मूळ पानावरून एकेक आकडा वाचून दाखवला. सकाळ त्यातच गेली, उत्तराला हातही लागला नव्हता. इतर मुलं पानं चाळून संदर्भ काढतात, हिला तोच संदर्भ ओळीओळीने ऐकत शोधावा लागतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ देण्याचा उल्लेख आहे, घरची परीक्षा वेगळी असं त्यात कुठेही नाही. दिल्ली विद्यापीठाने २०२० मध्ये घरून ओपन बुक, म्हणजे पुस्तकं बघून लिहायची परीक्षा घेतली, तेव्हाही दिव्यांग विद्यार्थ्यांना दोन तास जास्त होते. तासाला किमान २० मिनिटं जादा हा केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतला हिशेब चोवीस तासांना लावला तर आठ तास होतात. मला ते मुळीच जास्त वाटत नाहीत. आणि प्रश्नपत्रिका टाइप केलेलीच पाठवा, एवढं तरी कॉलेजांनी लगेच करावं.