सॅक्रामेंटो रिपब्लिकचा २०२२चा मोसम: मिरवायचा की विसरायचा?

फॉल्समकर (धागाकर्ता)

शनिवारी भिशीत या विषयावरून इतकी जुंपली की आमटी गार झाली. म्हणून तो वाद इथे आणतोय.

आधी थोडी ओळख. सॅक्रामेंटो रिपब्लिक हा आमच्याकडचा, कॅलिफोर्नियातला फुटबॉल क्लब. (इथे सॉकर म्हणतात, मी म्हणणार नाही.) हा खेळतो यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत. वर एमएलएस, म्हणजे मेजर लीग सॉकर. खालची लीग जिंकली म्हणून वर जाता येत नाही, तिथली जागा पैसे मोजून विकत घ्यावी लागते. वरचे-खालचे सगळे एकमेकांना भिडतात ते फक्त यूएस ओपन कपमध्ये, आणि ही स्पर्धा १९१३-१४ पासूनची आहे.

तर २०२२. मे महिन्यात सॅन होजेला घरी २-०. जूनमध्ये एलए गॅलक्सीला त्यांच्याच मैदानावर २-१. मग २७ जुलैला सेमीफायनल, समोर स्पोर्टिंग कॅन्सस सिटी. तिन्ही एमएलएसचे. त्या रात्री मी स्टेडियमवर होतो. आमचं स्टेडियम कॅल एक्स्पोला, म्हणजे राज्याची जत्रा भरते तिथेच, आणि जत्रा नेमकी चालू. त्यामुळे पार्किंगच्या नावानं बोंब. आत अॅल्युमिनियमचे बाक. हजारो लोकांनी पाय आपटले की पत्र्यावर वळीव कोसळतोय असं वाटतं. १२० मिनिटं ०-०. पेनल्टीत आमचा गोलकीपर व्हिटिएलो यानं एक अडवली आणि पाचवी मारायला आला रॉड्रिगो लोपेझ. पस्तिशीचा गडी, क्लबच्या २०१४च्या पहिल्या मोसमातला, मधे बाहेर खेळून परत आलेला. मी बघितलंच नाही, बायकोच्या खांद्यात तोंड घातलं होतं. गोल झाल्याचं बाकांच्या आवाजावरून कळलं. ५-४.

फायनल ७ सप्टेंबरला ऑर्लँडोत. आदल्याच दिवशी सॅक्रामेंटोत ११६ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४७ सेल्सिअस, शहराचा आजवरचा उच्चांक. वीज वाचवा म्हणून सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते. आम्ही पडदे ओढून, एसी कमी करून संध्याकाळी पाचला टीव्हीपुढे. पंचाहत्तराव्या मिनिटापर्यंत ०-०. मग फाकुंडो टोरेसचे पाच मिनिटांत दोन, अगदी शेवटी आणखी एक. ३-०, खेळ खल्लास.

मित्र म्हणतो, कप हरले, लीग सॅन अँटोनियोनं नेली, एमएलएसही मिळालं नाही, मग कौतुक कसलं? मी म्हणतो, खालच्या श्रेणीतला क्लब पहिल्यांदाच फायनलला पोचला, याहून मोठा मोसम तो कुठला? बोला.

---

जुना_वाचक

"पहिल्यांदाच" नाही हो. २००८ मध्ये चार्ल्सटन बॅटरी फायनलला होती, डीसी युनायटेडकडून २-१ हरली. आणि १९९९ मध्ये रॉचेस्टरनं तर कपच नेला, कोलोरॅडो रॅपिड्सला २-० हरवून. एमएलएस सुरू झाल्यापासून हे फक्त त्यांनाच जमलंय.

बाकी चालू द्या.

---

फॉल्समकर

चूक मान्य. चौदा वर्षांत पहिल्यांदा, असं वाचावं.

---

आकडेमोड

वर्णन छान आहे. पण हिशेब मांडू या.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एमएलएसनं सॅक्रामेंटोला जागा जाहीर केली. फी २० कोटी डॉलर. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुख्य गुंतवणूकदार रॉन बर्कल यांनी हात वर केले आणि सगळं बारगळलं. वरात दारात आणि नवरदेव गायब. पुढे २०२३ मध्ये तिसावी जागा सॅन डिएगोला गेली, ५० कोटी डॉलर मोजून. आता ओपन कपच्या उपविजेत्याला २०२२ मध्ये किती मिळाले? एक लाख. म्हणजे अशी दोन हजार उपविजेतेपदं गोळा केली की सॅक्रामेंटोची जुनी फी भरून होते. नवीन फी सोडाच.

आणि जुना_वाचक यांनी रॉचेस्टरचं नाव काढलंच आहे तर पुढचं मी सांगतो. कप जिंकलेला हा क्लब २०१७च्या मोसमानंतर बंद पडला. २०२२ मध्ये नवं नाव लावून परत आला, इंग्लंडचा फुटबॉलपटू जेमी व्हार्डी भागीदार होता. एक मोसम खेळला आणि २०२३च्या मार्चमध्ये कायमचा संपला. प्रत्यक्ष कप नेणाऱ्याची ही गत, मग तुमच्या उपविजेत्यांनी कशाच्या भरवशावर मिरवायचं?

---

पेठेतला_गोली

आकडेमोड भावा, तुझा हिशेब बरोबर आहे, फक्त वही चुकीची घेतलीस.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की निम्मी पेठ दुकानाचं शटर ओढून तिथं असती. पाटाकडील जिंकली तर रात्री कोण विचारतंय का, "आता पुढं कुठं जाणार?" कुठं जाणार? तालमीत! गुलाल उधळायचा, दुसऱ्या दिवशी समोरच्या गल्लीतनं मान वर करून जायचं. पुढच्या वर्षी परत तेच. शंभर वर्षं व्हायला आली, कुणाचं काय अडलं नाही.

सेमीफायनल जिंकल्यावर फॉल्समकर झोपला असेल का त्या रात्री? विषय संपला.

---

आकडेमोड

गोली, उदाहरण लागू होत नाही. तालमीचा खेळाडू दिवसा दुसरं काहीतरी करून संध्याकाळी बूट घालतो. रिपब्लिक व्यावसायिक क्लब आहे. खेळाडूंचे पगार आहेत, विमानप्रवास आहे. ओकलंड, मॉन्टरे सोडलं तर पश्चिम विभागातल्या मॅचसाठीसुद्धा फीनिक्स किंवा न्यू मेक्सिको गाठावं लागतं. ही पदरमोड दरवर्षी कोणीतरी करतं, आणि करणाऱ्याला एक दिवस विचारावंसं वाटतंच की पुढं काय.

भारतातलंच बघा. २०१७ मध्ये ऐझॉल एफसीनं आय-लीग जिंकली. आदल्या मोसमात खाली घसरलेला क्लब, कसाबसा परत घेतलेला, तो थेट विजेता. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयएसएलमध्ये, म्हणजे वरच्या इंडियन सुपर लीगमध्ये, घेतलं का? नाही. दार उघडलं २०२३ मध्ये, पंजाब एफसीसाठी. बंद दारापुढे कितीही सुंदर नाचलात तरी दार उघडत नाही.

---

निमा_जर्सी

मला लीगमधलं फार कळत नाही, पण एक बोलते. मुलगा बारा वर्षांचा, इथल्या एका क्लबात खेळतो. वर्षाची फी ऐकून माझ्या सासूबाईंनी विचारलं, "यात गोल मारायचे पैसे वेगळे का?" आठ-नऊ वर्षांपासून शनिवार-रविवार गाडीत, हॉटेलात. आणि एवढं करून त्याला जवळून बघायला मिळणारे मोठे खेळाडू कोण? टीव्हीवरचे.

अशा गावच्या क्लबचा फायदा मला तिथे दिसतो. पोराला समोर दिसतं की हा माणूस याच मैदानावर आठवड्यातून चार दिवस घाम गाळतो आणि कधीतरी गॅलक्सीला हरवतो. याला आकड्यात कुठे बसवणार ते आकडेमोड यांनी सांगावं.

(फीची तक्रार अवांतर आहे, माफी.)

---

फॉल्समकर

निमाताई, अवांतर कसलं, मुद्द्याचंच बोललात.

आकडेमोड, दार उघडत नाही म्हणता, मग सिनसिनाटीचं काय? २०१७ मध्ये तेही यूएसएलमध्येच होते. ओपन कपमध्ये कोलंबसला हरवलं, शिकागोला पेनल्टीवर हरवलं, सेमीफायनलला न्यूयॉर्क रेड बुल्सविरुद्ध २-० पुढे होते आणि जादा वेळेत ३-२ हरले. दुसऱ्या श्रेणीच्या क्लबला बघायला तेहतीस हजारांवर माणूस! मे २०१८ मध्ये एमएलएसनं जागा दिली, २०१९ला वर. कपमधलं ते वेड दिसलं नसतं तर एवढ्या झटपट झालं असतं?

---

आकडेमोड

सिनसिनाटीला जागा मिळाली कारण मागे लिंडनर घराण्याचा पैसा उभा होता आणि नव्या स्टेडियमचा सौदा जमला. गर्दी हे त्या अर्जाला जोडलेलं छायाचित्र. अर्ज नव्हे. सॅक्रामेंटोकडे गर्दी पहिल्या दिवसापासून होती. २०१४च्या पहिल्या घरच्या मॅचला वीस हजारांवर लोक आले, त्याच वर्षी लीगही जिंकली. मग अडलं कुठे? पैसेवाला निघून गेला, तिथे.

म्हणून माझं म्हणणं: २०२२चा मोसम खेळाडूंचा म्हणून उत्तम. क्लबचा म्हणून शून्य. जिथे होते तिथेच राहिले.

---

जुना_वाचक

"जिथे होते तिथेच राहिले" हे सॅक्रामेंटोत कोणाला ऐकवू नका. त्या गावात हे कौतुकाचं वाक्य आहे. :)

त्यांचा बास्केटबॉलचा संघ, किंग्ज, २०१३ मध्ये सिएटलला हलवायला निघाले होते. गावानं धडपड करून थांबवला. आणि २०२२ पर्यंत त्या संघानं सलग सोळा मोसम प्लेऑफ पाहिला नव्हता, तरी लोक मॅचला वाजवायला घंटा घेऊन जातच होते. असल्या गावाला एका उन्हाळ्यात तीन एमएलएस क्लब लोळवणारा संघ मिळतो, तेव्हा त्याची किंमत न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या मापानं काढून चालणार नाही.

तरी एका बाबतीत मी आकडेमोड यांच्या बाजूचा आहे. ओपन कपला जीव लावताना तो कप कोणाच्या मर्जीवर उभा आहे तेही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये एमएलएसनं जाहीर केलं की आम्ही मुख्य संघ पाठवणार नाही, राखीव पोरं पाठवू. अमेरिकेच्या फुटबॉल फेडरेशननं नकार दिला, पण तडजोड होऊन २०२४ला एमएलएसचे आठच मुख्य संघ उतरले. २०२२ सारखी वाट पुन्हा मिळायची तर समोर तगडे पाहुणे यायला हवेत ना? यजमान भात लावून बसलाय आणि पाहुणे म्हणतात, आम्ही ड्रायव्हरला पाठवतो.

---

पेठेतला_गोली

ड्रायव्हरला पाठवतो 😂 हे मी चोरणार.

म्हणजे भ्यायले की ओ. २०२२ला तिघांची लाज गेली, दीड वर्षात "आम्ही येत नाही". कारण काहीही सांगू देत, आमच्या पेठेत याचा एकच अर्थ लावतील.

---

आकडेमोड

एमएलएसनं भरगच्च वेळापत्रकाचं कारण दिलं होतं. पण पेठेचा अर्थ मला आवडला, तेवढा घेतो.

आता पुढचं. मार्च २०२५ मध्ये यूएसएलमधल्या क्लबांच्या मालकांनी प्रमोशन-रेलिगेशनच्या, म्हणजे जिंकलं तर वरच्या श्रेणीत आणि हरलं तर खालच्या, या पद्धतीच्या बाजूनं मत दिलं. २०२७-२८ पासून स्वतःची पहिली श्रेणी काढायची, खाली चॅम्पियनशिप, त्याखाली लीग वन. ऐकायला झकास. पण एमएलएस यात नाही. म्हणजे जिना बांधला तो आपल्याच घरात. शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवर जाता येणार नाही ते नाहीच.

---

फॉल्समकर

असेना का! आजवर जिनाच नव्हता, सगळे तळमजल्यावर. घसरण्याची भीती आली की ऑक्टोबरातल्या रटाळ मॅचलाही अर्थ येतो. गुणतालिकेत मधेच अडकलेल्या संघाची मॅच बघायला बसलेला माणूस काय यातना भोगतो ते मला विचारा.

आणि क्लब "जिथे होता तिथे" नाहीये. २०२४च्या अखेरीस विल्टन रँचेरिया या इथल्या मूळनिवासी जमातीनं बहुसंख्य मालकी घेतल्याचं जाहीर झालं. जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेत नवं स्टेडियम ठरलंय, सुरुवातीला बारा हजारांचं, पुढे वीसपर्यंत वाढवता येईल असं. मालकी घेणारी मंडळी याच मातीतली आहेत, बर्कल यांच्यासारखी उठून जाणार नाहीत. २०२२ मध्ये आमचा संघ कुठेतरी सातवा-आठवा रखडला असता तर हे झालं असतं का? मला नाही वाटत.

---

आकडेमोड

"मला नाही वाटत" याला पुरावा म्हणत नाहीत. शिवाय फेडरेशनच्या नियमात पहिल्या श्रेणीला किमान पंधरा हजारांचं स्टेडियम लागतं. बारा हजारांनी भागणार नाही, वाढवावंच लागेल.

पण मालकी गावात राहिली हे चांगलं झालं. एवढं मान्य.

---

निमा_जर्सी

एक विचारू का? आकडेमोड, मागे बे एरियातल्या घरभाड्यांच्या धाग्यावर तुम्ही लिहिलं होतंत की तुम्ही सॅन होजेला असता. वर मे महिन्याच्या मॅचमध्ये सॅन होजे २-० हरल्याचं आहे. तुमचा एवढा राग त्यातून तर नाही ना?

---

पेठेतला_गोली

आता आलं बघा बाहेर! 🍿

---

आकडेमोड

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

आकडेमोड

बरं. हो, सॅन होजे अर्थक्वेक्सचा सीझन पास आहे माझ्याकडे. त्या संध्याकाळी दोन तास गाडी हाकत सॅक्रामेंटोला गेलो होतो. दुसऱ्या श्रेणीचा संघ आहे, चार मारून आठवड्याचा शीण घालवू असं ठरवून. शेवटची शिट्टी व्हायच्या आधीच गाडीकडे निघालो. बाहेरच्या मैदानापर्यंत ते बाक वाजताना ऐकू येत होते.

माझे आकडे तरीही बरोबर आहेत.

---

फॉल्समकर

पुढच्या घरच्या मॅचचं एक तिकीट जास्तीचं आहे. येताय?

---

आकडेमोड

जत्रा नसेल तेव्हा सांगा.