दुखणे चेहऱ्यावर दिसले नाही, तर ते खरे मानायचे की नाही?

शनिवारपेठ (धागाकर्ती)

मी पुण्यात मुद्रितशोधनाचे काम करते. माझे वय 41 असून 36व्या वर्षी मला ऑटिझमचे निदान झाले. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पोटात उजव्या बाजूला कळा येऊ लागल्या, म्हणून धाकट्या भावाने मला रिक्षात घालून शहरातील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले. तिथल्या परिचारिकेने माझ्यासमोर सहा चेहऱ्यांचा तक्ता धरला. हसऱ्या चेहऱ्यापासून रडणाऱ्या चेहऱ्यापर्यंतची ती चित्रे होती आणि त्यांच्याखाली शून्य ते दहा आकडे होते. मी "आठ" म्हणाले. तिने आठच्या चित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ताई, आठ असताना माणूस असं बसून बोलत नाही." केसपेपरवर तिने लिहिले, 'रुग्ण शांत, वेदना सौम्य'. त्याच कागदावर दोन ओळी खाली तिनेच नाडीचे ठोके 118 असे लिहिले होते. उलटे धरलेल्या कागदावरूनही ही विसंगती मला वाचता आली, कारण माझे पोट त्याच कामावर चालते. पण वेदना वाढल्या की माझे शब्द आटतात, त्यामुळे मला ती बोलून दाखवता आली नाही. साडेतीन तास मी बाकावर बसून होते. पहाटे सोनोग्राफी झाली तेव्हा अपेंडिक्स फुटलेले होते.

त्या तक्त्याविषयी मी नंतर वाचले. वाँग आणि बेकर यांनी तो 1980च्या दशकात अमेरिकेत लहान मुलांसाठी तयार केला. त्यातला चेहरा निवडायचा अधिकार रुग्णाचा असतो, आणि तपासणाऱ्याने रुग्णाचे तोंड त्या चित्रांशी ताडून पाहू नये, असे त्याच्या वापराच्या सूचनांत स्पष्ट आहे. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले.

मला अधिक लागून राहिलेली गोष्ट वेगळी आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे जी 40 मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात, तिच्यात नजरेला नजर न देणे, समोरच्याला पाहून न हसणे, प्रसंगाला विसंगत भावना दाखवणे यांना गुण दिले जातात. म्हणजे प्रमाणपत्र देताना माझा हा चेहरा लक्षण ठरतो आणि तातडीच्या विभागात तोच चेहरा मी ठणठणीत असल्याचा पुरावा ठरतो. एकाच व्यवस्थेने एकाच चेहऱ्याचे दोन अर्थ लावावेत आणि दोन्ही वेळा ते माझ्या विरोधात जावेत, हे मला मान्य नाही.

आनंदाच्या वेळीही हेच होते. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला भावाने मला एका जुन्या शब्दकोशाचे सगळे खंड ओवाळणीत घातले. मी खाली मांडी घालून बसले आणि पुठ्ठ्यांच्या पाठींवरून, एकेका अक्षरावरून, बराच वेळ बोट फिरवत राहिले. वहिनीने स्वयंपाकघरात जाऊन भावाला विचारले, "त्यांना आवडलं नाही का?" इतका आनंद मला त्या वर्षात दुसऱ्या कशानेही झाला नव्हता.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी 2012 साली असे मांडले की, न समजण्याची ही अडचण दुहेरी आहे. आम्हाला इतरांचे भाव कळत नाहीत असे म्हणताना, इतरांनाही आमचे भाव कळत नाहीत हे सोडून दिले जाते. (जाता जाता, 'स्वमग्न' हा आपला शब्दही हीच चूक करतो. मग्न दिसणारा माणूस स्वतःतच मग्न आहे, हे पाहणाऱ्याने परस्पर ठरवलेले असते.) माझे म्हणणे असे आहे की, ऑटिस्टिक प्रौढाच्या चेहऱ्याला साक्षीदार करू नये, त्याने सांगितलेले खरे धरावे. आपणांस काय वाटते?

रात्रपाळी

मी तातडीच्या विभागातच काम करतो. आपल्याला झालेला त्रास अक्षम्य आहे आणि नाडी 118 असताना आपल्याला बाकावर बसवायला नको होते. त्यातही एक गोष्ट आम्हाला शिकवलेली असते : मूतखड्याचा रुग्ण गडबडा लोळतो, पण पोटाच्या आवरणाला सूज आलेला रुग्ण हालचालीने दुखते म्हणून निपचित राहतो. त्यामुळे शांत रुग्ण पाहून आम्ही अधिक सावध व्हायला हवे. ती चूक ऑटिझम ठाऊक नसल्यामुळे झाली नाही, मूळ वैद्यकाचा विसर पडल्यामुळे झाली.

तरीही आपला निष्कर्ष मला पटत नाही. रात्री दोन वाजता दारात एकामागून एक रुग्ण येतात तेव्हा कोणाला आधी आत घ्यायचे हे मला दोन-तीन मिनिटांत ठरवावे लागते. चेहऱ्याचा रंग, घाम, श्वास, कपाळावरची आठी हे सगळे मी वाचतो आणि त्या वाचनामुळे माणसे वाचतात. प्रत्येकाने सांगितलेला आकडा जसाच्या तसा स्वीकारला, तर दहा सांगणारा मुरगळलेला पाय पुढे जाईल आणि "थोडं जळजळतंय" म्हणणारा हृदयविकाराचा आजोबा मागे राहील. शिवाय, दोष केवळ पाहणाऱ्याचा नाही. याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ऑटिस्टिक व्यक्तींच्या चेहऱ्यावर भाव कमी वेळा उमटतात आणि कमी काळ टिकतात. जे पानावर छापलेलेच नाही ते वाचले नाही म्हणून वाचकाला दोष कसा द्यायचा?

शनिवारपेठ

डॉक्टर, त्याच आढाव्यात असेही आहे की उमटलेल्या भावाची तीव्रता मात्र कमी नसते. म्हणजे पान कोरे नाही. छपाई वेगळ्या वळणाची आहे, आणि ते वळण ओळखीचे नाही म्हणून वाचक पान कोरे ठरवतो. नॉटिंगहॅम विद्यापीठात 2016 साली झालेल्या एका प्रयोगात ऑटिस्टिक आणि इतर व्यक्तींच्या छोट्या चित्रफिती दाखवून, त्यांच्याबाबतीत नुकतेच काय घडले असावे हे प्रेक्षकांना ओळखायला सांगितले. ऑटिस्टिक व्यक्तींबाबत अंदाज अधिक चुकले, पण त्या कमी भावदर्शी होत्या असे प्रेक्षकांनाही वाटले नव्हते.

घाम आणि नाडी आपण जरूर वाचावी. माझी नाडी खरे सांगत होती, आणि मीही.

पर्वतीपायथा

शनिवारपेठ ताई, तुमच्या यातना वाचून वाईट वाटले, पण मला तुमच्याशी भांडायचे आहे. माझा मुलगा 26 वर्षांचा आहे. तो ऑटिस्टिक आहे आणि त्याच्याकडे जेमतेम वीसएक शब्द आहेत, त्यांत 'दुखतंय' नाही. 'सांगितलेले खरे धरा' हा तुमचा नियम केला, तर तो माझ्या मुलाला दाराबाहेर ठेवतो.

तो दाढ दुखत असताना हसतो. चार वर्षांपूर्वी तो तीन दिवस हसत होता आणि घरात सगळे म्हणत होते, स्वारी खुशीत आहे. चौथ्या दिवशी त्याच्या आईच्या लक्षात आले की, हे हसू ओठांच्या एकाच बाजूला आहे आणि तो पोळीचा तुकडा फक्त डावीकडे चावतो आहे. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. कुठल्या वेळी चेहरा कसा होता, हात काय करत होते, पुढे काय निघाले, हे सगळे त्यात लिहितो. त्या वहीवरून आम्हाला आता त्याचे हसू वाचता येते. म्हणून चेहरा वाचणे सोडा असे म्हणू नका. तो त्या माणसाकडून शिकून घ्या असे म्हणा. आमच्या पाठीमागे हे कोण करणार, या काळजीने मला झोप लागत नाही.

हिंजवडी फेज दोन

मी तीसएक जणांचा चमू सांभाळतो. रुग्णालयाचे बाजूला ठेवू. कार्यालयात रोज दहा ठिकाणी माणसे एकमेकांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत असतात. बैठकीत एखादा सहकारी दगडासारखा बसला, तर समोरच्या ग्राहकाला तो नाराज वाटतो, आणि ग्राहकाची समजूत मला काढावी लागते. ज्याला ही अडचण आहे त्याने पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने सांगावे. न सांगता इतरांनी ओळखावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. थोडे हसण्याचा सराव केला तर बिघडते कुठे? आम्हीही दमलेले असताना हसतोच.

उशिराकळते

हिंजवडीकर, मी तुमच्यासारख्याच एका कंपनीत होतो आणि तिथे मी मोकळेपणाने सांगितले होते. पुढच्या महिन्यापासून मला ग्राहकांच्या बैठकांना बोलावणे बंद झाले. माझ्या कामात काही खोट निघाली म्हणून नव्हे. 2017 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ऑटिस्टिक व्यक्तींविषयी लोकांचे प्रतिकूल मत काही सेकंदांच्या दृश्यावरून आणि आवाजावरून बनते. तेच बोलणे केवळ लिहून वाचायला दिले, तर ते प्रतिकूल मत उरत नाही. तुमच्या ग्राहकाला बोलण्याची अडचण नसते, चेहऱ्याची असते.

सरावाविषयी सांगतो. मी तो सहा वर्षे केला. समोरचा बोलत असताना मी मनात 'आता भुवया वर, आता ओठ, आता मान' असे मोजत असे आणि त्यामुळे बोलण्यातला अर्धा मजकूर निसटत असे. घरी पोहोचल्यावर दिवा न लावता दोन तास जमिनीवर पडून राहत असे. तुम्ही दमलेले असताना हसता, हे खरे आहे. मी हसण्यानेच दमत असे.

मात्र शनिवारपेठ, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. तुम्हाला "आठ" सांगता आले. मला ते जमत नाही. आपल्याला काय होत आहे हेच न कळणे याला अॅलेक्सिथायमिया म्हणतात, आणि संशोधनांनुसार ऑटिस्टिक व्यक्तींपैकी जवळपास निम्म्यांना ते असते. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी मी भीती वाटत नाही असे सर्वांना सांगितले आणि ते मला खरेही वाटत होते. रात्री स्वारगेटला बस बदलताना पाय उचलेनात, तेव्हा मला कळले की मी सकाळपासून घाबरलेलो होतो. माझ्या तोंडचे खरे धरले असते तरी चूकच झाली असती.

तिसरीघंटा

मी हौशी रंगभूमीवर काम करतो, म्हणून एवढेच नोंदवतो की नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत आणि त्यांतला पहिला 'स्तंभ' आहे. भय, हर्ष, विस्मय यांच्या भराने शरीर जागच्या जागी थिजणे हासुद्धा आपल्या परंपरेत भावनेचा आविष्कार मानला आहे. थिजलेला चेहरा म्हणजे भावनेचा अभाव, हे आपण कधीपासून धरू लागलो?

रात्रपाळी

रंगमंचावर स्तंभ समजतो, कारण आधीचे दोन अंक प्रेक्षकाने पाहिलेले असतात. माझ्याकडे रुग्ण थेट तिसऱ्या अंकात येतो. पर्वतीपायथा यांची वही मला रात्री दोन वाजता हातात मिळाली तर मी तिच्यावर नक्कीच भरवसा ठेवीन. प्रश्न ती माझ्यापर्यंत पोहोचण्याचा आहे.

शनिवारपेठ

पर्वतीपायथा दादा आणि उशिराकळते, तुमचे दोघांचे म्हणणे मी मान्य करते. माझा नियम माझ्यासारखीच्याच मापाचा होता. सांगता येते त्याचे ऐकावे, आणि सांगता येत नाही त्याला ओळखणाऱ्या माणसाचे ऐकावे, अशी दुरुस्ती मी करते. हिंजवडीकर, आपल्याशी मात्र मतभेद कायम आहे, कारण सांगितल्यावर काय घडते याची हमी आपण दिलेली नाही.

डॉक्टर, शस्त्रक्रियेनंतर मी एक कार्ड करून पर्समध्ये ठेवले आहे. त्यावर असे आहे : 'मी ऑटिस्टिक आहे. वेदना माझ्या चेहऱ्यावर दिसत नाही. मी सांगितलेला आकडा खरा आहे. मी बोलणे थांबवले तर वेदना वाढली आहे असे समजावे. सोबतच्या भावाला विचारावे.' आपल्या हाती हे आले तर पुरेल का?

रात्रपाळी

दोन बदल सुचवतो. आपली नेहमीची नाडी आणि रक्तदाब त्यावर लिहा. नेहमीची 70 असेल तर 118 कोणालाही नजरेआड करता येणार नाही. आणि पहिले वाक्य शेवटी न्या. 'ऑटिस्टिक' हा शब्द आधी वाचला की काही जण पुढची तक्रारच मानसिक धरून चालतात. हे बरोबर नाही, पण मी ते घडताना पाहिले आहे.

शनिवारपेठ

नाडी आणि रक्तदाब आजच लिहिते. पहिले वाक्य पहिलेच राहील.

पर्वतीपायथा

ताई, माझ्या मुलाच्या कार्डावर मी ते शेवटी टाकतो आहे. त्याच्या बाबतीत मला धोका पत्करायचा नाही. पहिली ओळ अशी लिहिली आहे : 'हा हसत असेल तर आधी दाढा तपासा.'