माइकमागची माणसं: निवेदक, वृत्तनिवेदक, आरजे... अनुभव लिहा

परवा मंडईत गवार घेत होते. "अर्धा किलो द्या, कोवळी बघून" एवढंच बोलले तर शेजारचे एक आजोबा पिशवी खाली ठेवून माझ्याकडे बघायलाच लागले. म्हणाले, "ताई, तुम्ही रेडिओवर बाजारभाव सांगायच्या ना?" मी माइक सोडून अठरा वर्षं झालीत हो! चेहरा तर त्यांनी कधी बघितलेलाच नाही. तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्यासारखी बरीच मंडळी इथे असणार, कोणी आकाशवाणीवर, कोणी दूरदर्शनवर, कोणी एफएमला, कोणी गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला. लिहा सगळ्यांनी. घरात कोणी हे काम केलं असेल तरी चालेल, नुसते श्रोते असाल तरी चालेल. फक्त केंद्राचं, चॅनेलचं, साहेबांचं नाव घेऊन उणीदुणी नकोत, मी पण घेणार नाही.

सुरुवात मीच करते. मी कॅज्युअल, म्हणजे नैमित्तिक निवेदक. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या, त्याच्यावर एक नाही, आणि त्यातही कोणाला कुठली सभा यावरून ड्युटी रूममध्ये जे राजकारण चालायचं त्यावर वेगळा धागा होईल. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे शिफ्टला सभा म्हणतात. पहिली, दुसरी, तिसरी.) आवाजाच्या टेस्टला मला शेतीवरचा एक उतारा वाचायला दिला होता, त्यात 'चार' आणि 'चारा' शेजारी शेजारी. ते मुद्दामच असतं. चारमधला च वेगळा आणि चाऱ्यातला वेगळा, हे ज्याला वाचताना विचार करावा लागतो तो गेला. आमच्या बॅचमधली एक फार गोड आवाजाची मुलगी तिथेच अडकली, आणि मी, जिचा आवाज आईच्या मते फुटक्या घागरीसारखा, पास झाले.

सकाळच्या सभेला पहाटे पावणेपाचला गाडी यायची. संकेतधून, वंदे मातरम, मंगलवाद्य, मग आपला फेडर (माइकचा आवाज वाढवायची पट्टी) वर करायचा आणि बोलायचं. तोंडात सकाळपासून एक शब्द आलेला नसतो, म्हणून मी गाडीतच ड्रायव्हरकाकांशी मुद्दाम बडबड करायचे. मला वाटायचं काकांना आवडतं. नंतर कळलं ते बिचारे अर्धवट झोपेत चालवायचे आणि माझ्या भीतीने जागे राहायचे.

आता माझी चूक. एका सकाळी गाण्यानंतर मी वेळ सांगितली, सात वाजून तीस मिनिटं. होते साडेसहा. लक्षातच नाही आलं, पुढचं गाणं लावलं आणि डब्यातले पोहे काढले. तीन मिनिटांत ड्युटी रूमचा फोन वाजायला लागला तो थांबेना. एक बाई म्हणाल्या, "अहो, पोराला अर्ध्या आंघोळीतून ओढून एसटीला पळवलाय मी, रस्त्यात कुत्रं नाही!" मी माइकवर माफी मागितली, पण जो माणूस रेडिओ बंद करून निघाला त्याला ती माफी कशी पोचणार? तेव्हा कळलं की लोक आपली गाणी ऐकतात हा आपला भ्रम आहे, निम्मे लोक घड्याळ म्हणून आपल्याला लावतात. त्यानंतर माइक सोडेपर्यंत मी घड्याळाकडे दोनदा बघितल्याशिवाय वेळ सांगितली नाही. नवरा अजून घरात किती वाजले विचारतो आणि वर "नक्की ना?" म्हणतो.

* * *

मी निवेदक वगैरे नाही, परभणीकडचा माणूस, सत्तरी पार. पण अमीन सायानींचं नाव आल्याशिवाय हा धागा पूर्ण कसा होईल म्हणून लिहितो. दर बुधवारी रात्री आठ, त्यांची बिनाका गीतमाला. आमच्या गावात स्टँडसमोरच्या हॉटेलात व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ होता, तो तापायला वेळ घ्यायचा म्हणून मालक पावणेआठलाच लावून ठेवायचा. रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं केंद्र, लागायचं ते पंचवीस किंवा एकेचाळीस मीटरवर, आवाज लाटेसारखा वर खाली. कोणतं गाणं कितव्या पायदानवर यावर चहाची पैज. मी वहीत लिहून ठेवायचो, वडिलांनी ती वही गणिताची समजून एकदा मास्तरांना कौतुकाने दाखवली, पुढचं सांगत नाही.

नंतर त्यांच्याबद्दल वाचत गेलो तेव्हा जास्त आदर वाटला. मुंबईचा माणूस, जन्म १९३२ चा. आई कुलसुम सायानी, त्या गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या, साध्या हिंदुस्थानीत, नवसाक्षरांसाठी. ती सोपी भाषा तिथून आली. पहिल्यांदा शिकले ते इंग्रजी निवेदन, तेही थोरल्या भावाकडून, हमीद सायानींकडून. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री होते केसकर, त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे बिघाड वाटायचा, आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपारच झाली, आणि सगळं पब्लिक गेलं सिलोनकडे. त्याच वर्षी ३ डिसेंबरला बिनाका गीतमाला सुरू झाली. गंमत म्हणजे सुरुवातीला ती हिट परेड, म्हणजे लोकप्रियतेनुसार गाण्यांची क्रमवारी, नव्हतीच, सात गाण्यांचा क्रम ओळखायची स्पर्धा होती. आठवड्याला पंचवीस रुपये मानधन, एवढ्या कमी पैशात निवेदन, लेखन, पत्रं वाचणं सगळं करायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणे. पहिल्याच खेपेला नऊ हजार पत्रं आली! रेकॉर्डिंग व्हायचं आपल्या कुलाब्याला, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आवाज समुद्र ओलांडून परत आमच्या हॉटेलात. मला हे कळल्यावर इतकं हसू आलं. आम्ही समजायचो माणूस श्रीलंकेत बसलाय.

मी पण तारुण्यात गणेशोत्सवात सूत्रसंचालन करायचो, अर्थात त्यांचीच नक्कल, "बहनों और भाइयों" म्हणत. एका वर्षी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून म्हणाली, "आरं, तुझ्या आवाजात बोल की, तुला काय सर्दी झालीय का." मंडप हसला. पुढच्या वर्षी मंडळाने दुसरा माणूस बघितला. २० फेब्रुवारी २०२४ ला सायानी गेले, त्या दिवशी ती वही शोधली, सापडली नाही.

* * *

वरच्या काकांचं वाचून मजा आली. माझी मोठी मावशी वरळीला मुंबई दूरदर्शनवर काही वर्षं बातम्या वाचायची, कॅज्युअलच. केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागली. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे अशी मोठी नावं त्या खुर्चीतून गेलेली, त्यामुळे घरात तिला केवढा मान. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसायच्या ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच, कॅमेरा कमरेच्या वरच असतो ना. मावशीने ते कधी केलं नाही कारण तिच्याकडे जीन्सच नव्हती.

तिचा खरा प्रॉब्लेम साड्यांचा. मानधनात साड्या कुठून येणार? आणि लोक लक्ष ठेवून! "मागच्या मंगळवारचीच निळी साडी आज परत नेसलात" असं चक्क पोस्टकार्ड आलेलं मी बघितलंय. मग आमच्या आईसकट तिघी बहिणींच्या साड्या एकत्र झाल्या. मावशीची एक शंभर पानी वही होती, तारीख, साडी, कोणाची, ब्लाउज कुठला. माझ्या आईच्या रकान्यात एका ठिकाणी लिहिलंय, "पिवळी नारायणपेठ, सुधाची, डाग पडला, सांगायचं नाही." आईला हे मावशी गेल्यावर कळलं, वही हातात घेऊन हसली पण आणि रडली पण.

प्रॉम्प्टर तिच्या वेळी नव्हता. हातात कागद, त्यातले काही हाताने लिहिलेले, शेवटची बातमी वाचता वाचता कोणीतरी खालून वाकून सरकवणार. ती सांगायची की एका नजरेत दीड ओळ उचलायची आणि वर बघून सोडायची. घरी आम्हाला वर्तमानपत्र देऊन तसं वाचायला लावायची, आम्ही अर्ध्या ओळीतच आपटायचो.

* * *

आमचं काही एवढं भारी नाही. २००३ ची गोष्ट, तालुक्याच्या गावात लोकल केबलवर बातम्या. मागे निळी चादर, पुढे शाळेचं टेबल, वर हॅलोजन, घामाने पावडरचे ओघळ. बातम्या पाच मिनिटं आणि वाढदिवस, बारसं, निधन पंधरा मिनिटं, धंदा त्यावरच. एकदा निधनवार्तेत मी एकाच आडनावाच्या दोन माणसांत घोळ घातला आणि जिवंत माणसाला मारला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः लुनावरून ऑफिसला हजर. मला वाटलं कानफटात बसणार. ते खुर्ची ओढून बसले, म्हणाले, "कोण कोण भेटायला आलं ते बघून घेतलं, बरं झालं. धाकटा भाऊ नाही आला. आता तेवढं दुरुस्तीचं सांगा, दूधवाल्याने रतीब बंद केलाय." त्या दिवशी दुरुस्ती सांगताना मी जेवढा स्पष्ट बोललो तेवढा आयुष्यात नाही.

* * *

पणजीहून. आमच्याकडे कोंकणी आणि मराठी दोन्ही, त्यामुळे एकाच दिवसात जीभ दोनदा बदलायची. केंद्राच्या जुन्या लोकांकडून एमिसोरा द गोवाचे, म्हणजे १९६१ आधीच्या पोर्तुगीज काळातल्या रेडिओचे किस्से ऐकायचो. माझा स्वतःचा अनुभव एवढाच की मासळीच्या बाजारात मला आवाजावरून ओळखतात आणि तरी बांगडा एक रुपया कमी करत नाहीत.

* * *

कोल्हापूरात प्रायव्हेट एफएमला आरजे होतो. सकाळचा शो. आकाशवाणीवाल्यांना वाटतं आम्ही नुसते किंचाळतो, थोडं खरं आहे. चाळीस सेकंदांची लिंक (दोन गाण्यांमधलं बोलणं), त्यात जोक, गाण्याचं नाव, स्पॉन्सर, आणि 'एनर्जी'. ताप असला तरी एनर्जी. घटस्फोटाची तारीख होती त्या सकाळी मी "बायकोने केलेली सगळ्यात वाईट भाजी" या टॉपिकवर फोन घेतलेत.

पण ऑगस्ट २०१९ चं लिहायचंय. पूर आला. प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ट्रॅफिक, हवामान, पाणी-वीज एवढं सांगता येतं. तर त्या आठवड्यात ट्रॅफिक हीच बातमी होती. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुणे-बेंगळुरू रस्ता बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, आणि ज्यांच्या घरात लाईट नव्हती ते मोबाईलच्या उरलेल्या बॅटरीवर इअरफोन लावून आम्हाला ऐकत होते. गाणी आपोआप कमी होत गेली, कोणी सांगितलं नाही. एक माणूस दर दोन तासांनी फोन करून फक्त विचारायचा, "पंचगंगेचं पाणी कुठवर?" तिसऱ्या दिवशी मी विचारलं, दादा तुमचं घर कुठल्या भागात? म्हणाला, घर बुडालंय कधीच, मी पाहुण्यांकडे दुसऱ्या मजल्यावर आहे, पण तुम्ही आकडा सांगितला की बरं वाटतं. मी त्या आठवड्यात एकदाही 'एनर्जी' लावली नाही आणि एकही तक्रार आली नाही.

२०२० मध्ये आमचे बरेच शो मोठ्या शहरातून एकत्र व्हायला लागले आणि आम्हाला एका व्हिडिओ कॉलवर धन्यवाद मिळाले. आता ऑडिओबुक वाचतो. स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं कपाट, वरून आईच्या दोन गोधड्या. जुन्या गोधडीइतका आवाज कुठलाही महागडा फोम खात नाही, ज्यांना घरून काम करायचंय त्यांनी लिहून घ्या. फक्त मे महिन्यात दर दोन पानांनी बाहेर यावं लागतं.

* * *

सगळं वाचलं, रात्रीचा दीड वाजला. लिहू की नको करत होते. माझे बाबा एका छोट्या केंद्रावर सव्वीस वर्षं निवेदक होते, स्टाफवर. मी सहावीत असताना शाळेतून आले की रेडिओ लावायचे आणि त्यांच्या आवाजावरून सांगायचे, आज बाबा चिडलेत, आज डोकं दुखतंय. आईला पटायचं नाही. पण ते घरी आले की खरंच अमृतांजन मागायचे.

बाबा जाऊन आता अकरा वर्षं झाली. आणि आमच्याकडे त्यांचा आवाज नाही. सव्वीस वर्षं रोज बोललेल्या माणसाचा. कार्यक्रमांच्या स्पूल टेप पुसून परत वापरायचे, टेप महाग असायची, त्यात कोणाचा दोष नाही. आणि दोन गाण्यांच्या मधलं बोलणं कोण कशाला रेकॉर्ड करून ठेवतंय? घरी टेपरेकॉर्डर होता, त्यात माझी बडबडगीतं आहेत, आत्याच्या लग्नातल्या मंगलाष्टका आहेत. बाबांचं काही नाही, कारण ते रोज होतेच.

दोन वर्षांपूर्वी मामाच्या माळ्यावर एक कॅसेट मिळाली. त्याने रेडिओवरून नाट्यगीतं टेप केलेली. टेप करणारे सगळे करतात तसं, निवेदक बोलायला लागला की पॉझ दाबायचा. एका ठिकाणी मामाचा हात उशिरा पडलाय. "सात वाजून सत्तावीस मिनिटं झाली आहेत. आता ऐ" आणि कट.

तेवढंच आहे. म्हणून धागा काढणाऱ्या ताईंना आणि सगळ्यांना एक विनंती, ज्यांच्याकडे १९७८ ते ९५ च्या दरम्यान रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेट पडून असतील त्यांनी टाकायच्या आधी एकदा गाण्यांची टोकं ऐका, सुरुवात आणि शेवट. पुरुषाचा आवाज, थोडा बसका, 'आहेत'मधला हे जरा लांबवणारा. असा कोणी सापडला तर मला व्यनि (खासगी निरोप) करा. दुसऱ्या कोणाचे बाबा निघाले तरी कळवा, आपण शोधू कोणाचे ते.